दोन डब्यांची झाकणं

दाताच्या दवाखान्यात कुणी प्रेमात पडत नाही. तिथे माणूस एक तर गाल धरून बसतो, नाहीतर पुढच्याचा नंबर लांबावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो. ती दुसऱ्या प्रकारात मोडत होती. बाहेर सकाळपासून रिपरिप लागली होती, छत्र्यांचं पाणी फरशीवर ओघळत होतं आणि बाकावर एकच जागा रिकामी होती. ती टेकली, छत्री पायाशी ठेवली, मान वर केली... आणि शेजारी गिरणीवाला.

पहिलं मनात आलं ते पळून जायचं. दाढेचं काय, आणखी चार दिवस सोसली असती. पण वहीत डोकं घालून बसलेल्या नर्सबाईंनी नेमकी तेव्हाच मान वर केली. "तुमचा नंबर ह्यांच्या मागोमाग. ह्यांना इंजेक्शन दिलंय, दहा मिनिटं थांबायचंय. हलू नका कुठे."

गिरणीवाला हसला. म्हणजे निम्मा चेहरा हसला. उरलेला निम्मा बधिर होऊन तसाच राहिला. ओठाच्या कोपऱ्यातून पाण्याचा थेंब हनुवटीवर आला आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. तिने पर्समधून रुमाल काढला आणि पुढे केला. त्याने ओशाळून हनुवटी पुसली. मग खिशातून पेन काढलं, डॉक्टरांच्या कागदाच्या पाठीवर काहीतरी खरडलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

'बोलता येत नाही. तुमची कुठली?'

"डावी. खालची."

'माझी उजवी. जोडी जमली.'

तिला हसू आलं आणि लगेच गिळावंसं वाटलं. ह्या माणसाबरोबर हसायचा हक्क तिला नव्हता. तो पुन्हा लिहू लागला. ह्या खेपेला जरा जास्त वेळ लागला.

'तुम्ही त्या दिवशी बोललात, त्यावर खूप विचार केला. चाळण बदलली. यंत्र उघडून धुतलं. चूक सापडत नाही. नवीन पीठ एकदा बघाल का?'

ती अक्षरांकडे बघत राहिली. चूक कुठे होती ते ह्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस डावी दाढ धरून त्याच्या शेजारी बसला होता. आत्ता सांगावं. ह्याला उलट बोलताही येणार नाही, ह्याहून सोपी वेळ पुन्हा यायची नाही. तिने तोंड उघडलं—

"उजवी दाढ, चला आत," नर्सबाई म्हणाल्या.

तो उठला आणि दारात थांबून भुवया उंचावून तिच्याकडे बघू लागला. उत्तर हवं होतं.

"शनिवारी आणा," ती म्हणाली.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी तिला विचारलं, "नेमकं कुठे दुखतंय?" तिला बोट ठेवता येईना.

*

ह्या माणसाला तिने दीड महिन्यापूर्वी भर दुकानात लबाड ठरवलं होतं.

तिच्या बाबांच्या बेकरीत बटाट्याच्या दोन चिजा असत आणि दोन्ही ह्याच्याच गिरणीतून येत. एक पीठ. बटाटे वाफवायचे, चकत्या करायच्या, वाळवून दळायच्या. ते पावात पडे. किलोभर मैद्याला दोन मुठी. पण ते पाणी असं पिऊन घेई की पाव तिसऱ्या दिवशीही कापसासारखा. दुसरा स्टार्च. कच्चा बटाटा किसून धुवायचा आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो केकमध्ये पडे, आणि केक जिभेवर ठेवला की विरघळे. एकाचं काम दुसऱ्याला दिलं तर दोघंही वाया.

दोघांचे पत्र्याचे डबे एकसारखे, एकाच फळीवर. बाबांनी त्यांवर कधी काही लिहिलं नाही. पिठाच्या झाकणाला एक पोचा होता, स्टार्चचं झाकण साफ. "अक्षर वाचायला डोळे लागतात," ते म्हणायचे, "पहाटे चार वाजता माझे डोळे उघडलेले नसतात." हात फळीवर जाई, अंगठा पोच्यात बसे आणि झाकण निघे.

बाबा गेले तेव्हा तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याऐवजी बेकरी घासली. भट्टीची दारं, तक्ते, साचे, फळ्या आणि सगळे डबे. डबे एकीकडे पालथे, झाकणं दुसरीकडे उन्हात. संध्याकाळी सगळं जागच्या जागी लावलं. निदान तिला तसं वाटलं.

त्यानंतरचा पहिला शनिवार. पलीकडच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमाला दर शनिवारी पन्नास मऊ पाव जात. बाबांनी वीस वर्षं पोचवले होते. त्या दिवशी कणकेचा गोळाच होईना. बाबांच्या मापाने पाणी घातलं होतं आणि कणीक ओट्यावर पसरत चाललेली. भट्टीतून निघाले ते पाव नव्हते, चपट्या बशा होत्या. केकचं तर आणखीच बरं: चमचा उभा राहील असा चिकट लगदा, भाजल्यावर रबर. दहाच्या सुमाराला वृद्धाश्रमातून पावांचा भरलेला तक्ता परत आला. सोबत निरोप: आजोबा लोकांना चावत नाही, राग मानू नका.

वीस वर्षांत पहिल्यांदा बाबांचा तक्ता परत आला होता. आणि नेमका त्याच वेळी गिरणीवाला खांद्यावर नवीन पोतं घेऊन दारात उभा.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "पिठात स्टार्च मिसळून देता? बाबा गेले, आता बाईमाणसाला काय कळतंय, असंच ना?" शनिवारची गर्दी होती. मास्तरीणबाई होत्या, ज्यांच्या कानावर गोष्ट पडली की दवंडी पिटायची गरज उरत नसे. गिरणीवाल्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो एवढंच म्हणाला, "मी बघतो." पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुकान बंद होतं. ती एकटीच फळीसमोर उभी राहिली. लहानपणी बाबा तिला स्टुलावर उभं करून चिमूटभर स्टार्च तिच्या कानाशी धरायचे आणि बोटं चोळायचे. करकर, करकर. "ऐक, हा बोलतो. पीठ मुकं असतं." किती वर्षांनी तिने पोच्याच्या झाकणाखालची चिमूट घेतली आणि कानाशी नेली.

करकर.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा. पाव आणि केक दोन्ही एकाच दिवशी बिघडले, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

तिने झाकणांची अदलाबदल केली. सोमवारी पाव असा फुलला की आईने भट्टीपाशी येऊन डोळे पुसले. आणि मास्तरीणबाई पाव दाबून बघत म्हणाल्या, "दुसरीकडचं पीठ घेतलंस ना? शहाणी! बघ कसा फरक पडला."

आणि तिने मान हलवली.

एवढंच. एक शब्द बोलली नाही, नुसती मान हलवली. पण ती मान गल्लीभर फिरली. कोपऱ्यावरच्या केकवालीने गिरणीकडे पाठ फिरवली, मग चौकातल्या हॉटेलने. भर दुकानात केलेला आरोप एकवेळ रागातला होता. मान मात्र तिने शुद्धीत हलवली होती.

*

शनिवारी तो आला. हातात कागदाचं पाकीट, त्यावर '१', आणि धुऊन इस्त्री केलेला रुमाल.

"आता बोलता येतं," तो म्हणाला. "त्या दिवशी फार लाळघोटेपणा केला, माफ करा."

"रुमालाला बटाट्याचा वास येतोय."

"आमच्याकडे सगळ्यालाच येतो. एका स्थळाने नकार दिला त्यावरून. मुलगी म्हणे, जेवायला बसल्यासारखं वाटतं."

गल्ल्यावर बसलेल्या आईला फस्सकन हसू आलं. तिनेही हसू लपवलं. पीठ तिने त्याच्यासमोरच मळलं. तो भिंतीला टेकून तिच्या हातांकडे बघत राहिला, निकालाला बसल्यासारखा. पाव निघाला, तिने तोडला, वाफ आली.

"बरं आहे," ती पावाकडे बघत म्हणाली.

"नुसतं बरं?"

"चांगलं आहे."

"हं," तो म्हणाला. खूष झालेला दिसला नाही.

पुढच्या शनिवारी '२' नंबरचं पाकीट आलं, त्याच्या पुढच्या शनिवारी '३'. एव्हाना ती शुक्रवारपासूनच घड्याळाकडे बघायला लागली होती आणि त्याचीही तिला लाज वाटत होती. तिसऱ्या खेपेला तिने उरलेल्या पिठाचे डोनट केले. बाबांनी कधी केले नव्हते. बटाट्याच्या पिठाने ते आतून असे हलके झाले की तो पहिला घास घेऊन डोळे मिटून उभाच राहिला.

"साखर लागलीय," ती म्हणाली.

"कुठे?"

"मिशीला."

"कुठल्या बाजूला?"

"इथे..." तिने स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं. तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. साखर पुसायची विसरला.

"राहू दे," तो म्हणाला. "वाटेत उपयोगी पडेल."

ती पटकन वळली आणि काहीच नसलेला तक्ता पुसू लागली. पाठीमागून तो हळू बोलत होता. "खरं सांगू? तुमचे उपकारच झाले. तुम्ही तोंडावर बोललात. बाकीच्यांनी नुसता फोन उचलणं बंद केलं. एक तरी माणूस खरं बोलणारं आहे, म्हणून इथे यायला बरं वाटतं."

तक्ता पुसणारा हात थांबला. आता सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं की पुढचा शनिवार नाही, पाकीट नाही, भिंतीला टेकून बघणारं कुणी नाही. चोरून घेतलेली वस्तू आवडू लागावी तसं झालं होतं तिचं. परत द्यायची तर होतीच. आज नको, एवढंच.

तो गेल्यावर आई म्हणाली, "चांगला आहे मुलगा."

"कोण मुलगा? पस्तिशीचा असेल."

"तू काय पाळण्यात आहेस?" आईने चष्म्यावरून बघितलं. "आणि एवढा चांगला आहे तर त्याच्याशी बोलताना भिंतीकडे का बघतेस गं?"

त्या दिवशी तिने घासलेलेच साचे पुन्हा घासले.

*

चौथ्या शनिवारी तो रिकाम्यासारखा आला. म्हणजे पाकीट होतं हातात, पण चेहऱ्यावरचं काहीतरी घरी राहिलं होतं. दुकानात गर्दी होती. मास्तरीणबाई नेहमीच्या जागी, काउंटरला कोपर टेकून.

"हे शेवटचं," तो हळू म्हणाला. "पीठ बंद करतोय मी. स्टार्च तेवढा ठेवेन."

"का?"

"ज्याला स्वतःचं पीठ कळत नाही, त्याने लोकांना खाऊ घालू नये."

"पण मी चांगलं म्हटलं होतं... तिन्ही वेळा."

"म्हणालात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पण एकदाही माझ्याकडे बघून नाही. तुमच्या बाबांनी वाईट पीठ परत करतानासुद्धा डोळ्यांत बघितलं होतं. तुम्ही खाली बघता. म्हणजे काहीतरी चुकतंय आणि ते सांगून तुम्हाला मला दुखवायचं नाहीये. कळतं मला. आभारी आहे."

तर तिच्या शरमेचा त्याने हा अर्थ लावला होता. ती तोंड लपवत होती आणि तो त्यात स्वतःचा दोष वाचत होता. आधी चाळणीचा, मग यंत्राचा, आणि आता हाताचाच.

तिने हातातला पाव खाली ठेवला. हात पुसले. मग मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की भट्टीपाशीही ऐकू जावं, "ह्यांचं पीठ त्या दिवशी चुकलंच नव्हतं."

मास्तरीणबाईंनी मान वळवली.

"झाकणं मी बदलली होती. घासताना पिठाचं झाकण स्टार्चवर गेलं. मी ह्यांना लबाड म्हटलं, ती चूक माझी होती. नंतर मास्तरीणबाईंनी विचारलं, दुसरीकडचं पीठ घेतलंस का, तर मी हो अशी मान हलवली. घेतलं नव्हतं. ह्यांचंच होतं."

मास्तरीणबाईंचं कोपर काउंटरवरून उतरलं.

तो तिच्याकडे बघत होता. पहिल्यांदाच तिने नजर खाली घेतली नाही. घ्यावी असं फार वाटत होतं.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. चिमूट कानाशी धरली, करकरली. बाबांनी शिकवलं होतं तसं."

"म्हणजे दवाखान्यात..."

"माहीत होतं."

"आणि एक नंबर? दोन? तीन?"

"तेव्हाही."

त्याने पाकीट काउंटरवर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "तीन नंबरसाठी मी माझ्या म्हाताऱ्या आईला उन्हात बसवून एकेक चकती निवडायला लावली," तो म्हणाला. "तिला दिसत नाही नीट. बोटांनी निवडली तिने." आणि तो निघून गेला.

मास्तरीणबाईंनी घसा खाकरला. काहीतरी झोंबणारं येणार म्हणून तिने मान ताठ धरली. पण त्या म्हणाल्या, "दोन पाव दे." मग दारातून वळून, "केकवालीला मी सांगू, का तू सांगतेस?"

"मी सांगते."

ती गेली. केकवालीकडे, हॉटेलात, वृद्धाश्रमात. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. सवयीने सोपं होईल असं वाटलं होतं, झालं नाही. केकवाली म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून! तुझे बाबा असते तर?" सगळ्यात शेवटी ती गिरणीवर गेली. तो नव्हता, बटाटे आणायला गेला होता. ओट्यावर बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला तिने सगळं सांगितलं आणि माफी मागितली. म्हातारीने ऐकून घेतलं आणि तिचा हात हातात घेऊन बोटं चाचपली. "कणकेचा हात आहे," एवढंच म्हणाली. ते क्षमा म्हणून की नुसतीच ओळख म्हणून, कळलं नाही.

घरी आल्यावर तिने घासणी उचलली. आईने ती हातातून काढून घेतली.

"तेव्हाच काढून घ्यायला हवी होती," आई म्हणाली. "झाकणावर तुझ्या बाबांच्या पीठ लागलेल्या बोटांचे डाग होते. मला बघवत नव्हते. म्हटलं, पोर घासतेय तर घासू दे... पोच्याचं झाकण कशाचं ते मला ठाऊक होतं गं. लावताना मी बघितलंही नाही."

मग कुठे तिला रडू आलं. तीन महिन्यांचं साठलेलं. आईच्या खांद्यावर, घासणीसकट.

*

पुढचा शनिवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. तिने गिरणीकडे निरोप पाठवला नाही. मागायचं होतं ते मागून झालं होतं. पुन्हा मागणं म्हणजे तगादा झाला असता. हॉटेलने त्याचं पीठ पुन्हा सुरू केल्याचं मास्तरीणबाईंकडून कळलं, ते मात्र तिने दोनदा विचारून घेतलं.

तिसऱ्या शनिवारी दुपारी, पाऊस नुकताच ओसरून दुकानासमोरची फरशी चमकत असताना, तो दारात उभा राहिला. खांद्यावर पोतं नव्हतं, हातात पाकीट नव्हतं. पिशवीत काहीतरी खुळखुळत होतं.

"ते डबे द्या," तो म्हणाला.

"कुठले?"

"भांडण लावणारे."

तिने दोन्ही डबे काउंटरवर ठेवले. त्याने पिशवीतून बारीक साखळीचे दोन तुकडे, हातोडी आणि चार खिळे काढले. "रिकामे करा. झाकण डब्याला जखडून टाकतो. मग उन्हात घाला, नदीत धुवा, घासून पत्रा फाडा, झाकण आपल्याच डब्याकडे येईल."

"अजून रागावलाय?"

"थोडा." त्याने झाकण उलटून बघितलं, पोच्यात अंगठा ठेवून पाहिला. "पहिल्या आठवड्यात फार होता. मग आई म्हणाली, ती मुलगी माझ्यासमोर अर्धा तास बसली, एकदाही स्वतःची बाजू सांगितली नाही. म्हटलं, ही तर मोठीच पंचाईत. बाजू सांगितली असती तर भांडता तरी आलं असतं."

"सांगू का आता?"

"नको. आधी कुठलं कशाचं ते पक्कं करू. पुन्हा घोळ नको." त्याने साफ झाकणाखालची चिमूट घेतली आणि काउंटरवरून वाकून हात तिच्या कानाशी आणला. बोटं चोळली. करकर, करकर. तिने डोळे मिटले. तिच्या कानाशी असा हात किती वर्षांनी आला होता.

"ऐकू आलं?"

"हो..."

"आता हे." दुसरी चिमूट, दुसऱ्या कानाशी. बोटं फिरत होती, कानाच्या पाळीला लागत होती. आवाज काहीच नव्हता.

"ह्यात काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"नाहीच येणार. हे पीठ. मुकं. आतलं आत सगळं पाणी पिऊन बसतं, कुणाला पत्ता लागू देत नाही." बोटं थांबली, पण हात तिथेच राहिला. "तुझ्यासारखं."

तुझ्यासारखं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"मी खाली बघत होते ना," ती डोळे न उघडता म्हणाली, "ते शरमेने. पण नुसत्या शरमेने नव्हे. बघितलं असतं तर तुला दुसरंही काहीतरी दिसलं असतं... आणि ते मला चोरीच्या वेळात दाखवायचं नव्हतं."

"आता वेळ कुणाची आहे?"

"आपली."

"मग बघ की."

तिने डोळे उघडले आणि बघितलं. अगदी सरळ, बाबा बघायचे तसं. त्याच्या मिशीत आज साखर नव्हती. तरी तो तिथेच काहीतरी लागलं असल्यासारखा ओठ आवळून, हसू दाबून उभा होता. ते दाबलं गेलं नाही. ह्या खेपेला चेहरा पुरता हसला, दोन्ही बाजूंनी.

संध्याकाळपर्यंत डबे फळीवर परत गेले, झाकणं साखळीला लटकवून. मास्तरीणबाई पाव घ्यायला आल्या आणि काउंटरवरून वाकून बघू लागल्या.

"अगं, कानाला काय लागलंय तुझ्या? दोन्हीकडे पांढरं पांढरं... पूस आधी."

गल्ल्यावरून आईने सवयीने फडकं पुढे केलं. तिने ते घेतलं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं.

"असू दे," ती म्हणाली. "किती पाव देऊ?"